परक्या अंगणातील चित्रशाळा : कै. आंजेलो दा फॉन्सेका

महोत्सवाच्या स्मरणिकेत देवळाच्या वास्तूचा वृत्तांत द्यावा, पायाचा दगड कोणी बसविला, वेदी कोणी घडविली, घंटा कोणाच्या दानातून आली, हे कृतज्ञतेने नमूद करावे, ही रीत जुनी आहे व ती योग्यही आहे. तथापि ह्या पानांवर आम्ही एका अशा पुरुषाचे चरित्र सादर करीत आहोत, की ज्याने स्वतःच्या नावावर एकही वास्तू उभारली नाही. ज्या वास्तूत त्याने आपले आयुष्य वेचले ती त्याची नव्हती. इतकेच नव्हे, तर ती त्याच्या पंथाचीही नव्हती. असे असूनही त्या वास्तूतील आपल्या कामाच्या जागेवर त्याने जितके प्रेम केले, तितके प्रेम आपल्यापैकी थोडेच लोक स्वतःच्या घरावर करीत असतील.

वाचकहो, हे चरित्र आमच्या नगरवासीयांना सांगण्याचे कारण असे की, आमचे नगर वयाने अगदी कोवळे आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस, आगरी व कोळी बांधवांच्या जुन्या गावांच्या भोवती, नवी मुंबई आकारास आली. वसई, गोवे, मंगळूर, केरळ अशा नाना ठिकाणांहून श्रद्धावंत कुटुंबे येथे येऊन वसली. आपल्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्याच कुंडाशी आपल्या मुलांचा बाप्तिस्मा करावा, हे भाग्य येथे कोणाच्या वाट्यास येणार? आमच्यातील वडीलधाऱ्यांना ते दिवस स्मरतात, जेव्हा आम्हांस स्वतःचे देऊळ नव्हते आणि रविवारची मिस्सा दुसऱ्याच्या सभागृहात, बाके सरकवून, उसन्या टेबलावर पांढरे वस्त्र अंथरून होत असे. मिस्सा आटोपली की बाके पुन्हा जागच्या जागी लावावी लागत. ज्यांनी असे दिवस काढिले आहेत, त्यांस आंजेलो दा फॉन्सेका ह्यांची कथा परकी वाटणार नाही.

फॉन्सेका ह्यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव्ह ह्या गावी झाला. मांडवीच्या परिसरातील हे एक हिरवेगार बेट. लोक त्यास जुवे ह्या नावानेही ओळखतात. घराणे सुखवस्तू आणि धर्मनिष्ठ होते. त्या काळच्या गोवेकर कुटुंबात बुद्धिमान मुलापुढे तीन वाटा मांडलेल्या असत : धर्मगुरूची, वकिलाची व वैद्याची. तरुण आंजेलो वैद्यकीच्या वाटेने निघाले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. परंतु त्यांचे मन त्या विद्येत रमले नाही. मानवी देहाची रचना जाणण्याहून त्या देहातून प्रकट होणारी भक्ती रेखाटावी, ही ओढ प्रबळ ठरली. त्यांनी वैद्यकी सोडली व सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचा मार्ग धरिला.

तेथेही त्यांचे समाधान झाले नाही. ह्या देशाच्या मातीतून उगवलेली चित्रकला आपणांस हवी, ह्या ध्यासाने ते मुंबई सोडून दूर बंगालात गेले. तेथे अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस ह्या थोर गुरूंच्या सान्निध्यात त्यांस आपली भाषा गवसली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जपानी चित्रकार कलकत्त्यास आले होते, त्यांच्या सहवासातून अवनींद्रनाथांनी जलरंगांची एक निराळी पद्धती सिद्ध केली होती. ह्या पद्धतीत कागदावर पातळ रंग चढवावा, तो सुकू द्यावा, मग कागद पाण्याने भिजवून जास्तीचा रंग उतरवावा, पुन्हा सुकवावा, पुन्हा रंग द्यावा. अशी आवर्तने होता होता रंग कागदात मुरतो आणि पहाटेच्या धुक्यातून आकृती दिसावी तसे चित्र उमटते. ही कला घाईची नव्हे. ओला कागद सपाट ठेवावयास स्थिर जागा हवी, हाताशी पाणी हवे, दिवसभर एकसारखा उजेड हवा आणि अर्धवट चित्र कोणी हलविणार नाही ह्याची शाश्वती हवी. फॉन्सेका ह्यांच्या पुढील आयुष्याचे मर्म समजण्यास ही गोष्ट ध्यानी ठेवणे अवश्य आहे. चित्रकारास खोलीचा लळा लागतो तो केवळ हौसेने नव्हे. त्याची कलाच ती खोली मागत असते.

शिक्षण संपवून ते गोव्यास परतले. बंगालात जे शिकले ते मातृभूमीच्या चरणी अर्पण करावे, असा त्यांचा हेतू होता. त्यांनी पवित्र मरियामातेस साडी नेसविली, तिला अनवाणी जमिनीवर बसविले, आपल्या आईबहिणींचा सावळा वर्ण तिला दिला. आज अशी चित्रे पाहून आपण भक्तिभावाने हात जोडतो. परंतु त्या काळी गोव्यात ह्या चित्रांनी मोठा क्षोभ उत्पन्न केला. त्यास कारणेही होती. गोव्यात शतकानुशतके ख्रिस्ती होणे आणि पोर्तुगीज वळण घेणे ह्या दोन गोष्टी एकच मानल्या गेल्या होत्या. १७३६ साली इन्क्विझिशनच्या एका फर्मानाने ख्रिस्ती लोकांस हिंदू पद्धतीचा पोशाख व चालीरीती पाळण्यास मनाई केली होती. साडी हे ज्या भूमीत पूर्वधर्माचे चिन्ह ठरले, तेथे देवमातेच्या अंगावर साडी पाहून भाविकांस धक्का बसला, ह्यात नवल ते काय? ज्यांनी विरोध केला ते सर्वच दुष्ट होते असे आम्ही म्हणणार नाही. लहानपणापासून ज्या गोऱ्या मुखाकडे पाहून त्यांनी जपमाळ ओढली, ते मुख कोणी हिरावून घेत आहे, असे त्यांस वाटले असावे. परंतु घाव तो घावच. आपल्याच माणसांत आपल्या कुंचल्यास जागा नाही हे ओळखून फॉन्सेका ह्यांनी गोवे सोडले.

आता ज्या घराने त्यांस आश्रय दिला त्याची ओळख करून देणे प्राप्त आहे. जॉन कॉप्ली विन्स्लो नावाचे एक अँग्लिकन धर्मगुरू अहमदनगरकडे सेवाकार्य करीत होते. महाराष्ट्राचे लाडके ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांच्या जीवनाची त्यांच्यावर विलक्षण छाप पडली होती. टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस देवाचा दरबार ह्या नावाने एक भक्तमंडळ स्थापिले होते व ख्रिस्ताने ह्या देशात ह्या देशाचाच होऊन वावरावे, अशी त्यांची तळमळ होती. १९१९ साली टिळक निवर्तले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९२२ साली, विन्स्लो ह्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. ह्या संघात भारतीय व युरोपीय बंधू एकत्र राहत, खादी वापरीत, जमिनीवर मांडी घालून साधे शाकाहारी अन्न सेवन करीत. काही वर्षांनी पुण्यास, तेव्हा भांबुर्डे म्हटल्या जाणाऱ्या आजच्या शिवाजीनगरात, संघाचा आश्रम उभा राहिला. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून विख्यात झालेले व्हेरियर एल्विन हेही १९२७ साली ह्याच संघात आले होते.

अशा ह्या आश्रमात, १९३० नंतरच्या दशकात, आमचा हा कॅथॉलिक चित्रकार राहावयास आला. तेथे त्यास चित्रे काढण्यास जागा मिळाली, मन ओळखणारी माणसे मिळाली, आणि साडीतील मरियामाता पाहून कपाळास आठ्या न घालणारे शेजारी मिळाले. ज्या घरात स्वतः गोरे साहेब खादी नेसून जमिनीवर जेवत, त्या घरात आंजेलोंच्या चित्रांस परके कोण म्हणणार? स्वकीयांनी जे दार लोटून घेतले, ते परकीयांनी उघडले.

परंतु वाचकांनी असे समजू नये की हा आश्रय सुखाचाच होता. तो काळ आजच्यासारखा नव्हता. कॅथॉलिकांनी अन्य पंथीयांच्या उपासनेत भाग घेण्यास १९१७ च्या धर्मसंहितेने मज्जाव केला होता, आणि १९२८ साली पोप अकरावे पायस ह्यांनी पंथापंथांच्या एकीकरणाच्या चळवळीविरुद्ध कडक परिपत्रक काढिले होते. तेव्हा अँग्लिकन बंधूंच्या आश्रमात राहणाऱ्या कॅथॉलिक गृहस्थाकडे किती भुवया उंचावल्या असतील, ह्याची कल्पना करावी. अंगण एक, विहिरीचे पाणी एक, भोजनाची पंगत एक. परंतु वेदी मात्र वेगळी. ज्या बंधूंसमवेत ते दिवसभर वावरत, त्यांच्या ख्रिस्तप्रसादास त्यांस शिवता येत नसे, आणि ज्या ख्रिस्तसभेच्या प्रसादाचे ते अधिकारी होते, त्या सभेतील कित्येकांस त्यांची चित्रे रुचत नसत. ते कॅथॉलिक म्हणून जन्मले, कॅथॉलिक म्हणूनच जगले आणि त्याच श्रद्धेत त्यांनी देह ठेविला. त्यांनी ख्रिस्तसभेचा त्याग केला नाही, आणि आश्रमाचाही केला नाही. ह्या दोहोंच्या मधोमध, आपल्या कामाच्या जागी, ते चित्रे काढीत राहिले. आमच्या मते त्यांच्या जीवनातील वीरवृत्ती हीच होय.

सुदैवाने स्वकीयांतही त्यांस एक थोर पाठीराखा लाभला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील स्पॅनिश येशूसंघीय पंडित फादर हेन्री हेरास ह्यांनी फॉन्सेका ह्यांचे मोल जाणले. हेरास हे इतिहाससंशोधक; १९२२ साली ते भारतात आले, १९२६ साली त्यांनी आपली इतिहास-संशोधन संस्था स्थापिली आणि १९५५ साली मुंबईतच ते प्रभुघरी गेले. भारतीय ख्रिस्ती कलेचा त्यांनी हिरीरीने पुरस्कार केला. फॉन्सेका ह्यांची कित्येक चित्रे त्यांच्या संस्थेच्या संग्रही आली.

खरे पाहता फॉन्सेका जे करीत होते ते ख्रिस्तसभेस नवे नव्हते. १६५९ सालीच रोमच्या धर्मप्रसार मंडळाने मिशनऱ्यांस बजाविले होते की, श्रद्धा घेऊन जावे, आपला देश तेथे नेऊ नये. त्याच्याही आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ख्रिस्तपुराण गोव्यातील राचोल येथे छापून निघाले होते. त्या इंग्रज येशूसंघीयाने तारणाची कथा मराठी ओवीत सांगितली आणि ती आमच्या पूर्वजांच्या कानांस परकी वाटली नाही. स्टीफन्सनी जे शब्दांनी केले तेच फॉन्सेका ह्यांनी रंगांनी केले. मात्र आम्ही कानाने जे स्वीकारले ते डोळ्याने स्वीकारावयास आम्हांस तीनशे वर्षांहून अधिक काळ लागला.

आश्रमातील दिवस सरत गेले. संस्थापक विन्स्लो मायदेशी परतले. संघाचे आचार्य विल्यम लॅश हे १९४७ साली अँग्लिकन पंथाचे मुंबईचे बिशप झाले. जुनी मंडळी एकेक करून पांगली, आश्रमातील वर्दळ ओसरली. फॉन्सेका मात्र पुणे सोडून गेले नाहीत. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असता, १९५१ साली, त्यांनी विवाह केला. त्यांच्या पत्नी आयव्ही ह्या शिक्षणक्षेत्रातील विदुषी होत्या. ह्या विवाहाने त्यांच्या कलेस नवी प्रसन्नता आली. त्यांच्या उत्तरकाळच्या मरियामातेच्या मुखावर पत्नीच्या मुखाची छाया दिसते, असे जाणकार सांगतात. संसार मांडला तरी आश्रमाशी जडलेले नाते तुटले नाही.

येथे एक शंका वाचकाच्या मनात येईल. आश्रम म्हणजे वैराग्याची भूमी. तेथे राहणाऱ्याने एखाद्या जागेचा लोभ धरावा, हे शोभते काय? ह्याचे उत्तर आम्हांस असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चरित्रात मिळते. त्या संताने आपल्या बंधूंस जगात वाटसरूंप्रमाणे राहावयास शिकविले, कोणत्याही घरास आपले म्हणू दिले नाही. तरीही पोर्शियुंकुला नावाच्या एका इवल्याशा देवळावर त्याचे जिवापाड प्रेम होते. ते देऊळ त्याचे नव्हते, बेनेडिक्टाइन संन्याशांचे होते; आणि ते परक्याचे आहे ह्याचा विसर पडू नये म्हणून फ्रान्सिसचे बंधू दरवर्षी त्या मठास माशांची एक टोपली खंड म्हणून पाठवीत, अशी परंपरा आहे. बंधूंनी ती जागा कधीही सोडू नये, अशी इच्छा त्याने व्यक्त केली होती. मालकी आणि माया ह्या दोन भिन्न वस्तू आहेत. मालकी म्हणते, हे माझे. माया म्हणते, मी ह्याचा. फॉन्सेका त्या आश्रमाचे होते. आश्रम त्यांचा नव्हता. आपल्या चित्रांच्या रूपाने तेही आपली माशांची टोपली भरीतच होते.

परमेश्वराची कृपा अशी की, आयुष्याच्या संध्याकाळी त्यांस पहाट पाहावयास मिळाली. १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेने उपासनेविषयीचा आपला ठराव प्रसिद्ध केला आणि सर्व लोकांच्या व सर्व देशांच्या कलेस ख्रिस्तसभेत मोकळीक आहे, असे जाहीर केले. पुढील वर्षी, १९६४ च्या नोव्हेंबरात, ख्रिस्ती ऐक्याविषयीचा ठराव निघाला आणि विभक्त बंधूंकडे प्रेमाने पाहण्याचा मार्ग खुला झाला. ज्या दोन गोष्टींमुळे फॉन्सेका तीस वर्षे संशयास पात्र ठरले, म्हणजे देशी चित्रे आणि परपंथीयांचा सहवास, त्या दोन्ही गोष्टी ख्रिस्तसभेने एका वर्षाच्या अंतराने आपल्या म्हटल्या. त्यांस किती हर्ष झाला असेल! त्यानंतर फार काळ ते जगले नाहीत. २८ डिसेंबर १९६७ रोजी, निष्पाप बालकांच्या सणाच्या दिवशी, पुण्यास त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या पश्चात जे घडले तेही सांगण्यासारखे आहे. १९७० नंतरच्या दशकात त्याच शिवाजीनगरच्या आश्रमात कॅथॉलिक व अँग्लिकन धर्मभगिनींनी एकत्र राहून प्रार्थनामय जीवनास आरंभ केला. सिस्टर वंदना व सिस्टर सारा ग्रँट ही त्यांतील कॅथॉलिक नावे अनेकांस ठाऊक असतील. ज्या अंगणात एकटा कॅथॉलिक गृहस्थ वेगळ्या वेदीचे दुःख मुकाट्याने साहत होता, तेथे दोन पंथांच्या कन्या एका छपराखाली देवाचे स्तवन करू लागल्या. आणि ज्या गोव्यातून त्यांची चित्रे एके काळी परतविली गेली, त्याच गोव्यात, पर्वरी येथील झेवियर इतिहास-संशोधन केंद्रात, त्यांच्या पत्नीने स्वाधीन केलेला चित्रांचा मोठा संग्रह आज आदराने जतन केला आहे. साडीतील मरियामाता अखेर घरी पोहोचली. मात्र तिचा चितारी जिवंत असता नव्हे.

हेच ते शल्य, ज्याकरिता आम्ही ही लेखणी हाती घेतली. मृत कलावंतास संग्रहालय देणे सोपे असते. जिवंत कलावंतास खोली देणे कठीण. ती खोली फॉन्सेका ह्यांस परक्यांनी दिली. त्याबद्दल आम्ही त्या अँग्लिकन बंधूंचे ऋणी आहोत आणि आमच्या घरास ते सुचले नाही ह्याची थोडी लाजही आम्हांस वाटते. महोत्सवाच्या आनंदात असे स्मरण कशास, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, ज्यूबिली हा शब्दच मूळ पवित्र शास्त्रातील ऋणमुक्तीच्या वर्षाचा आहे. आनंद करावयाचा तर ऋण फेडूनच करावयाचा.

हे ऋण आम्ही कसे फेडावे? आमच्या धर्मग्रामात आज स्वतःचे देऊळ आहे, सभागृह आहे, धर्मशिक्षणाच्या खोल्या आहेत. त्यांतील कित्येक खोल्या रविवार सोडून सहा दिवस कुलूपबंद असतात. ह्याच धर्मग्रामात एखादा मुलगा वा मुलगी अशी असेल, की जिला चित्राची, मूर्तीची वा गायनाची ओढ आहे, आणि जिच्या दोन खोल्यांच्या घरात ओला कागद सपाट ठेवण्यापुरतीही जागा नाही. त्या लेकरास ह्या सहा दिवसांपैकी काही दिवस एका खोलीची किल्ली द्यावी. कदाचित त्याने काढलेले ख्रिस्ताचे मुख प्रथमदर्शनी आपणांस रुचणार नाही. कदाचित त्यात खाडी दिसेल, मिठागरे दिसतील, कोळणीचे लुगडे दिसेल. तेव्हा कपाळास आठी घालण्यापूर्वी आंजेलो दा फॉन्सेका ह्यांचे स्मरण करावे. ज्यांनी एके काळी दुसऱ्याच्या सभागृहात बाके सरकवून मिस्सा साजरी केली, त्यांस उसन्या जागेचे मोल निराळे सांगावयास नको.

त्या थोर चित्रकाराच्या आत्म्यास प्रभू चिरंतन शांती देवो, ही ह्या महोत्सवप्रसंगी आमची नम्र प्रार्थना.